चटका बसल्यानंतरची वीस मिनिटे

डिसेंबरातील सहलीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावाजवळच्या एका मोकळ्या शेतात तुमच्या वर्गाचा मुक्काम पडला आहे. पहाटेची थंडी मी म्हणते आहे. तीन दगडांची चूल मांडून तिच्यावर चहाचे मोठे पातेले चढवले आहे. चहा उकळला, पण सांडशी काही सापडेना. मग दोघांनी दोन फडकी घेतली आणि पातेले उचलले. एकाचा पाय दगडाला अडखळला, पातेले कलंडले आणि पेलाभर चहा दुसऱ्याच्या मनगटावर आणि पंजावर सांडला. त्याच्या ओरडण्याने सगळे भोवती जमले. एकजण तूप आणायला धावला, दुसऱ्याने टूथपेस्टची नळी पुढे केली, तिसऱ्याला हळद आठवली. गुरुजी वाटाड्याची चौकशी करायला गावात गेले आहेत. डॉक्टरकडे जायचे तर गाडी मिळवायला हवी. आता काय करायचे?

उत्तर अगदी थोडक्यात सांगता येते. भाजलेला भाग ताबडतोब गार, वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि घड्याळ पाहून वीस मिनिटे तेथेच ठेवायचा. बाकी सगळे त्यानंतर. घाईत असाल तर एवढेच लक्षात ठेवा. पण तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात. पाणीच का आणि वीसच मिनिटे का, हे विचारल्याशिवाय तुमचे समाधान होणार नाही. आणि खरे सांगायचे तर, ज्याला कारण कळलेले असते तोच तूप घेऊन आलेल्या दहाजणांपुढे ठाम उभा राहू शकतो.

किती ऊन आणि किती वेळ?

आपली त्वचा दोन थरांची असते. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे साधारण वहीच्या कागदाएवढी पातळ असते. तळहात आणि तळपाय यांवर मात्र ती चांगली जाड असते. तिच्याखाली काही मिलिमीटर जाडीची अंतस्त्वचा असते. रक्तवाहिन्या, चेतातंतूंची टोके, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे हा सगळा संसार याच थरात असतो. बाह्यत्वचा जळली तर खालच्या थरातून नवी तयार होते, व्रणही राहत नाही. अंतस्त्वचा खोलवर जळली तर मात्र भरून यायला आठवडे लागतात आणि मागे वण राहतो. म्हणून भाजण्याच्या बाबतीत मुख्य प्रश्न असतो तो खोलीचा. उष्णता किती खोल उतरली?

ही खोली दोन गोष्टींवर ठरते: पदार्थ किती तापलेला होता आणि तो त्वचेला किती वेळ लागून राहिला. अमेरिकेतील हार्वर्ड येथे मोरित्झ आणि हेन्रिक्स या दोन संशोधकांनी याचा कसून अभ्यास केला आणि १९४७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डुकराची त्वचा पुष्कळ बाबतींत माणसाच्या त्वचेसारखी असते, म्हणून बरेचसे प्रयोग त्यांनी डुकरांवर केले. काही प्रयोगांसाठी माणसेही स्वेच्छेने पुढे आली. त्यांना आढळले ते असे. ४४ अंश सेल्सिअस तापमानाला त्वचेची हानी व्हायला सुमारे सहा तास लागतात. ४९ अंशांना तेवढीच हानी नऊ-दहा मिनिटांत होते, ६० अंशांना सुमारे पाच सेकंदांत आणि ७० अंशांना जेमतेम एका सेकंदात. ४४ पासून ७० पर्यंत तापमान वाढले अवघे २६ अंश. पण वेळ मात्र सहा तासांवरून एका सेकंदावर आला! तापमान आणि वेळ यांचे हे नाते सरळ रेषेचे नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

ज्याला आपण ‘पिण्याजोगा गरम’ चहा म्हणतो तो साधारण साठ अंशांच्या आसपास असतो. तोंडात घोटभर घेतला की तो लगेच लाळेत मिसळतो, पसरतो, निवतो. पण तोच पेलाभर चहा लोकरीच्या स्वेटरवर सांडला तर लोकर तो शोषून घेते आणि त्वचेला चिकटून बसते. पाच सेकंद सहज उलटतात. म्हणून अंगावर गरम काही सांडले, की भिजलेला कपडा आधी दूर करायचा.

उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळते हे तुम्ही शिकला आहात. सुमारे तीनशे मीटर चढले की उत्कलनबिंदू एका अंशाने खाली येतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, तेव्हा तेथे पाणी ९४-९५ अंशांनाच उकळेल. डाळ शिजायला याचा त्रास होतो. भाजण्याच्या दृष्टीने मात्र या पाच अंशांच्या सवलतीचा काडीचाही उपयोग नाही.

मराठीत या प्रकाराला किती शब्द आहेत पाहा. तव्याचा चटका बसतो, गरम पाण्याने पोळते, निखाऱ्याने भाजते, आगीत होरपळते. पोळणे आणि भाजणे यांतला फरक विज्ञानालाही मान्य आहे. ओल्या उष्णतेची चाल वेगळी असते. एक ग्रॅम पाणी ९५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना ५५ कॅलरी उष्णता बाहेर टाकते. एक ग्रॅम वाफ मात्र त्वचेवर आधी पाणी होताना ५४० कॅलरी देते, कारण तेवढी अप्रकट उष्णता तिने पोटात साठवलेली असते. मग निवताना आणखी ६०. एकूण सहाशे! इडलीपात्राचे किंवा कुकरचे झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवायला आई सांगते, ते यासाठी. तेलाची गोष्ट निराळी. त्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मीच असते, पण भजी तळायचे तेल १८० अंशांपर्यंत तापलेले असते आणि ते पाण्यासारखे ओघळून न जाता त्वचेला धरून राहते. उकळते तेल अधिक वेदना देते, ही गोष्ट सुश्रुतसंहितेतही नोंदवलेली आहे. तापलेले तेल सूक्ष्म शिरांच्या वाटेने त्वचेत चटकन शिरते, असे कारण सुश्रुताने दिले आहे. भाजण्याचे खोलीनुसार चार प्रकारही त्याने सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. नुसता रंग बदलून आग होते ते प्लुष्ट, फोड येतात ते दुर्दग्ध. त्याची निरीक्षणे आजही वाचण्यासारखी आहेत. उपचार मात्र आज बदलले आहेत. प्लुष्टाला त्याने शेक सांगितला होता. तो आता कुणी देत नाही.

हात मागे घेतला, तरी भाजणे चालूच

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चहा ओघळून गेला, मुलाने हात झटकला. भाजणे संपले का? नाही. त्वचा ही उष्णतेची मंदवाहक आहे. आत शिरलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही; वरून थोडी हवेत जाते, थोडी खाली खाली उतरत राहते. चुलीवरून उतरवलेल्या भातातले आतले शीत जसे काही वेळ शिजत राहते, तसाच हा प्रकार. शिवाय हवेच्या मानाने पाणी उष्णता सुमारे पंचवीसपट चांगली वाहून नेते. फुंकर घालून काम का भागत नाही, हे यावरून कळेल.

पण थांबा. जरा हिशेब करून पाहू. समजा तळहाताएवढा, म्हणजे साधारण १०० चौरस सेंटिमीटर भाग भाजला आणि उष्णता दोन मिलिमीटर खोल गेली. म्हणजे सुमारे २० ग्रॅम मांस तापले. त्याचे तापमान सरासरी २० अंशांनी वाढले असे धरू. त्वचेची विशिष्ट उष्णता पाण्याच्या चार-पंचमांश धरली तर एकूण उष्णता झाली ३२० कॅलरी. एवढ्या उष्णतेने तांब्याभर पाणी अर्ध्या अंशानेही तापणार नाही! मग वीस मिनिटे पाणी ओतत बसायचे कारण काय? चौकस वाचकाच्या मनात ही शंका यायलाच हवी. आणखी एक गोष्ट त्याला कोड्यात टाकील. डॉक्टर असेही सांगतात, की लगेच पाणी मिळाले नाही तरी तीन तासांच्या आत केव्हाही ही वीस मिनिटे दिली तर उपयोग होतो. तीन तासांनी कसली उष्णता उरणार?

याचे उत्तर समजण्यासाठी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जाऊ. डग्लस जॅक्सन या शल्यविशारदाने १९५३ साली दाखवून दिले, की भाजलेल्या जागेत तीन वलये असतात. अगदी मधल्या भागातील पेशी मेलेल्याच असतात. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते ना, तशी त्यांतील प्रथिने गोठलेली असतात. ते अंडे पुन्हा कच्चे होत नाही. सर्वांत बाहेरच्या वलयात नुसती लाली असते. रक्त जास्त येते, आग होते, पण तेथील पेशी बचावतात. या दोहोंच्या मध्ये जे वलय असते ते खरे महत्त्वाचे. तेथील पेशी जिवंत असतात पण घायाळ. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त मंदावलेले असते, भिंती झिरपू लागलेल्या असतात, सूज आणणारी रसायने पाझरत असतात. या वलयाचा निकाल त्या क्षणी लागलेला नसतो. तो पुढच्या काही तासांत, दोन-तीन दिवसांत लागतो. रक्त फिरत राहिले तर पेशी जगतात. थांबले तर त्या मरतात, आणि जी इजा वरवरची होती ती खोल होऊन बसते.

गार पाणी या मधल्या वलयासाठी असते. साठलेली उष्णता पहिल्या काही मिनिटांतच निघून जाते, ही गोष्ट खरी. पुढची मिनिटे वेगळेच काम करतात. थंडाव्यात पेशींचे व्यवहार मंदावतात, त्यांची प्राणवायूची गरज घटते. सूज आणणारी रसायने कमी सुटतात आणि रक्तवाहिन्यांचे झिरपणेही घटते. म्हणूनच उशिरा मिळालेले पाणीही वाया जात नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे सुमारे अडीच हजार भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना तीन तासांच्या आत पूर्ण वीस मिनिटे वाहते पाणी मिळाले होते, त्यांच्यावर दुसरीकडची त्वचा काढून बसवण्याची पाळी येण्याचा संभव जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला होता. साध्या नळाच्या पाण्याने हे साधले. इतके स्वस्त औषध वैद्यकात दुसरे क्वचितच असेल.

यात एक गंमतीची अडचण आहे. पाच-सहा मिनिटांत वेदना थांबते आणि मुलगा म्हणतो, “बस्स, आता बरे वाटते आहे.” हात बाहेर काढला की दोन मिनिटांत पुन्हा आग सुरू होते. तेव्हा वेदनेवर विसंबू नका, घड्याळावर विसंबा.

तूप, बर्फ आणि बटाटा

आता त्या तूपवाल्या मित्राकडे वळू. त्याचा हेतू चांगला आहे, पण तूप किंवा तेल पाण्याच्या मानाने उष्णता फार कमी वाहून नेते. ताज्या चटक्यावर त्याचा थर देणे म्हणजे आतल्या उष्णतेवर पांघरूण घालणे होय. याचे एक उदाहरण सहलीतच सापडते. शेकोटी विझवताना पुष्कळजण तिच्यावर माती किंवा वाळू लोटतात. ज्वाला दिसेनाशी होते, आणि सकाळी कुणीतरी अनवाणी त्याच जागेवर पाय देतो. ऑस्ट्रेलियात मुलांना शेकोटीने भाजण्याच्या घटना वाढल्या, तेव्हा डॉक्टरांनी मुद्दाम शेकोट्या पेटवून मापे घेतली. वाळूने झाकलेल्या शेकोटीचे तापमान आठ तासांनंतरही ९० अंशांच्या आसपास होते! पाणी ओतून विझवलेली शेकोटी मात्र दहा मिनिटांत ५० अंशांच्या खाली आली. शेकोटीचे जे, तेच त्वचेचे. (तुमच्या मुक्कामावर शेकोटी पाण्यानेच विझवा, हे ओघाने आलेच.)

टूथपेस्ट थंड लागते ती तिच्यातील पुदिन्याच्या अर्कामुळे. हा अर्क थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना फसवतो, तापमान खाली आणत नाही. शाई, हळद, कुंकू यांनी तर दुहेरी नुकसान होते. जखमेत घाण जाते, आणि त्वचा रंगल्यामुळे जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. मग तो रंग घासून काढावा लागतो. ते किती दुखत असेल याची कल्पना करा.

बर्फाचे काय? गार पाणी चांगले तर बर्फ अधिक चांगला, असे वाटणे साहजिक आहे. पण अतिथंडीने रक्तवाहिन्या आकसतात. जे मधले वलय रक्तासाठी तडफडत आहे, त्याचेच रक्त आपण तोडतो. बर्फ थेट लावून ठेवला तर थंडीनेही पेशी मरतात. पंधरा अंशांच्या आसपासचे पाणी सर्वांत उत्तम मानतात. पण पंचवीस अंशांचे साधे पाणीही चालते. गावातल्या हापशाचे पाणी बर्फासारखे गार नसते, आणि तेच बरे.

बटाट्याबद्दल मात्र चार शब्द जास्त लिहिले पाहिजेत. कच्चा बटाटा किसून भाजल्यावर लावायची चाल आपल्याकडे आहे. ती टाळावी, किसात माती आणि जंतू असतात. पण मुंबईतील डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास बटाट्याच्या सालींचाच चांगला उपयोग करून दाखवला. उकडलेल्या बटाट्याच्या साली पातळ जाळीदार कापडावर चिकटवून त्यांनी पट्ट्या तयार केल्या आणि त्या निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर बांधल्या. बटाट्याच्या सालीचा बाहेरचा थर बुचाच्या सालीसारखा असतो. तो आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे जखम कोरडी पडत नाही आणि पट्टी बदलताना चिकटत नाही. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या निर्जंतुक पट्ट्या वापरून पाहिल्या, आणि २००३ साली त्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरम भात वाढला तरी केळीचे पान ओले होऊन फाटत नाही, त्यावर काही चिकटत नाही, हे आपल्याला जेवणावळीत दिसतेच. त्याच गुणाचा हा उपयोग. फरक एवढाच, की रुग्णालयात साल किंवा पान वाफेच्या दाबाखाली जंतुरहित केलेले असते, आणि ते जखम निवाल्यानंतर, पट्टी म्हणून बांधतात. शेतातल्या चुलीपाशी ते तसे मिळणार नाही.

तूप आणि पाणी यांतला फरक स्वतः पाहायचा असेल तर एक सोपा प्रयोग करा. सारख्या आकाराचे तीन बटाटे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली एकत्र उकडा. बाहेर काढून चिमट्याने धरा आणि प्रयोगशाळेतील तापमापी शिरेल असे प्रत्येकाला सालीजवळून, फार खोल नाही असे, एकेक भोक पाडा. एक बटाटा तसाच ठेवा, दुसऱ्यावर तुपाचा जाड थर द्या, तिसरा नळाच्या बारीक धारेखाली धरा. दर दोन मिनिटांनी तिन्हींचे तापमान मांडून आलेख काढा. पहिले दोन आलेख जवळजवळ एकमेकांना लागून जातील. तिसरा कसा जातो ते तुम्हीच पाहा. दहा मिनिटांनी पाणी बंद करून सालीजवळचे तापमान पुन्हा वाढते का, तेही बघा. कारण सापडेल.

पाणी थोडे असेल तर

गावाजवळ हापसा असेल तर प्रश्नच नाही. मित्रांनी पाळीपाळीने हापसायचे. ओढाही चालेल, पण पाणी स्वच्छ हवे. म्हशी बसलेल्या डबक्यात हात बुडवू नका. पण उन्हाळ्यात, उघड्या कड्यावर, दोघांत मिळून दोन बाटल्याच पाणी उरले असेल तर? मघाचा हिशेब आठवा. उष्णता थोडी आहे, वेळ जास्त हवा आहे. म्हणजे पाणी भसाभसा ओतण्यात अर्थ नाही. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून धार सोडा, खाली स्वच्छ पातेले धरा आणि जमलेले पाणी पुन्हा वापरा. तेही शक्य नसेल तर स्वच्छ सुती रुमाल ओला करून जागेवर सैल ठेवा, मिनिटा-दोन मिनिटांनी तो पुन्हा भिजवा आणि वहीने वारा घाला. बाष्पीभवनाने रुमाल गार राहील. माठातले पाणी गार होते तेच हे तत्त्व. ओला रुमाल तसाच ठेवून विसरलात तर मात्र तो ऊन होतो आणि उपयोग संपतो. पिण्यापुरते पाणी राखून ठेवायला विसरू नका.

पाणी चालू असतानाच अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटाचा काळा दोरा काढून टाका. अर्ध्या तासात बोटे सुजली की अंगठी निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा आवळते. कपडा त्वचेला चिकटला असेल तर तेवढा भाग तसाच ठेवा, ओढू नका. नायलॉन, टेरिलीन यांसारखे कृत्रिम धागे वितळून त्वचेत रुततात. चुलीजवळ बसणाऱ्याने सुती कपडे घालावेत ते याचसाठी. आणि त्या पहाटेच्या थंडीत हात पाण्याखाली असला तरी मुलाचे बाकीचे अंग घोंगडीत गुंडाळून ठेवा. लहान मुलाचा बराच मोठा भाग भाजला असेल तर सगळ्या अंगावर पाणी ओतत राहिल्याने शरीराचे तापमान धोक्याइतके उतरू शकते. गार करायची ती जखम, माणूस नव्हे.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका, धावल्याने ज्वाळांना वारा मिळतो. जमिनीवर आडवे पडून तोंड हातांनी झाकून लोळा, किंवा इतरांनी घोंगडीत लपेटून आग दाबावी. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. आग विझल्यावर पुन्हा तेच: पाणी.

फोड आला तर?

वीस मिनिटांनी हात अलगद कोरडा करा. काही वेळाने फोड येण्याचा संभव आहे. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या मध्ये रक्तातील द्रव झिरपून साठतो, त्याचाच हा फोड. सुईने फोडायचा मोह अनेकांना होतो. तो आवरा. फोडाचे कातडे हे निसर्गाने बांधलेले निर्जंतुक आवरण आहे. त्याहून चांगली पट्टी तुमच्या पेटीत नाही. फोड आपोआप फुटलाच तर स्वच्छ पाण्याने धुऊन झाकून घ्या. झाकायला कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात तो पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद उत्तम. तो गुंडाळून आवळायचा नाही, नुसता वर पसरायचा. पंजाला कोरी, स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी सैल बांधली तरी चालते. हात उंच ठेवला की सूज कमी येते.

आता निर्णय घ्यायचा, की सहल पुढे चालू ठेवायची की डॉक्टरकडे जायचे. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे एक टक्का भरतो. तेवढ्याहून मोठी जागा फोडांनी भरली असेल तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. चेहरा, पंजा, पाऊल, सांधा किंवा जांघ येथे फोड आला असेल, किंवा भाजल्याचे वळे हातापायाला सबंध वेढून गेले असेल, तर आकार कितीही असो, जायचे. आपल्या चहावाल्या मित्राला पंजावर फोड आला तर त्याची सहल येथेच संपली. विजेचा धक्का, आम्ल किंवा चुन्यासारखा दाहक पदार्थ, धुरात कोंडले जाणे, अगदी लहान मूल किंवा वृद्ध माणूस, यांनाही हाच नियम. आणि एक फसवे लक्षण ध्यानात ठेवा. जागा पांढरीफटक, चामड्यासारखी किंवा काळी दिसते आणि मुलगा म्हणतो की दुखत नाही. वेदना नाही म्हणजे थोडक्यात निभावले, असे समजू नका. वेदना सांगणारे चेतातंतूच जळाले आहेत, असा त्याचा अर्थ होतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केला की रुग्णवाहिका येते. ही सेवा २०१४ पासून चालू आहे. डोंगरात संपर्क मिळत नाही, तेव्हा गावात कोठे मिळतो हे मुक्काम पडताच विचारून ठेवा.

नुसती लाली आणि आग असेल, किंवा बोटाच्या पेराएवढा एखादा फोड हातावर किंवा पोटरीवर आला असेल, तर गुरुजींना विचारून वयाप्रमाणे पॅरासिटामॉलची गोळी द्यावी, पाणी भरपूर पाजावे आणि जागा रोज धुऊन झाकावी. मोटारसायकलच्या तापलेल्या धुराड्याचा पोटरीला बसणारा चटका साधारण याच जातीचा असतो, पण तो धातूने दाबून बसलेला असल्यामुळे दिसतो त्याहून खोल असतो. त्याच्यावर दोन-तीन दिवस नजर ठेवावी. लाली पसरत चालली, पू दिसला, ताप आला, किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताची लस केव्हा टोचली होती हे घरी विचारून घ्या. जखम भरल्यावर नवी त्वचा गुलाबी आणि नाजूक असते. उन्हाने तिच्यावर काळपट डाग पडतात आणि ते लवकर जात नाहीत, म्हणून पुढचे काही महिने ती बाहीखाली झाकलेली असू द्यावी. खाज सुटते तेव्हा नखे लावू नयेत. थोडे खोबरेल तेल चोळावे. तूप आणलेल्या मित्रालाही आता हरकत घ्यायची नाही, त्याचे तूप या वेळी चालेल.